पहारा : माणसावर कीं रोगावर?

सांथीचा रोग आला म्हणजे दोन प्रकारचे पहारे बसतात. एक पहारा माणसावर बसतो. कोण कोठून आला, कोणाच्या घरांत कोण तापानें पडला आहे, कोणास उचलून न्यावयाचें आणि कोणास वेशीबाहेर ठेवावयाचें, हें पाहणारा तो पहारा. दुसरा पहारा रोगावर बसतो. रोग काल कोठें होता, आज कोठें आहे, उद्यां कोठें जाईल, कोणास गांठतो आणि कोणास सोडतो, ह्याचा हिशेब ठेवणारा तो पहारा. पहिला पहारा शिपायालाहि करतां येतो. दुसऱ्याला विद्या लागते. वैद्यकाची पदवी हातीं पडल्यानंतर आणखी दोन-दोन वर्षें घालवून तरुण डॉक्टर ही विद्या आज शिकत असतात. ती कशी जन्मास आली, आणि तिच्या जन्माशीं आपल्या मुंबईच्या चाळींचा व त्या चाळींतील उंदरांचा काय संबंध आहे, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

१८९६ सालचा सप्टेंबर महिना. मुंबईच्या मांडवी भागांत धान्याच्या वखारींची आणि त्यांना लागून असलेल्या चाळींची दाटी होती. मूळचे गोव्याचे व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून शिकून निघालेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस त्या भागांत रोगी तपाशीत असत. जबर ताप, भ्रम, आणि जांघेंत किंवा काखेंत आलेली गांठ हीं लक्षणें एकामागून एका रोग्यांत त्यांना दिसूं लागलीं. डॉ. व्हिएगस म्युनिसिपालिटीचे सभासदहि होते. हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग आहे, असें त्यांनीं त्या महिन्याच्या उत्तरार्धांत उघडपणें सांगितलें. व्यापारावर जगणाऱ्या बंदराला ही बातमी गोड लागणें शक्य नव्हतें. तथापि ऑक्टोबरांत सरकारनें धाडलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले, आणि डॉ. व्हिएगस यांचें निदान खरें ठरलें.

त्या वेळीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो नांवाचे एक इंग्रज गृहस्थ होते. प्लेगचा संशय येईल त्या रोग्यास, त्याची वा त्याच्या घरच्यांची संमति असो वा नसो, रुग्णालयांत हलविण्यांत येईल, असें त्यांनीं ऑक्टोबरच्या आरंभीं जाहीर केलें. गटारें समुद्राच्या पाण्यानें आणि कारबॉलिक ॲसिडानें धुवून काढण्यांत आलीं; भिंतींना चुना दिला गेला; बिछाने व कपडे जाळण्यांत आले. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर 'यू. एच. एच.' हीं तीन अक्षरें चितारलीं गेलीं. आर्थर रोडवरील रुग्णालयांत नेलेला माणूस परत येत नाहीं, अशी वदंता पसरली, आणि तो महिना संपण्यापूर्वींच गिरणी-कामगारांचा मोठा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. शहर ओस पडूं लागलें. १८९७ च्या आरंभापर्यंत निम्म्याच्या आसपास वस्ती कोंकण, देश, गुजराथ अशी वाट फुटेल तिकडे निघून गेली होती. आणि तिच्या बोचक्यांबरोबर प्लेगहि निघून गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. कलमें अवघीं चार. पण त्या चार कलमांनीं सरकारच्या हातीं अमर्याद सत्ता दिली. रेल्वेच्या फलाटांवर उतारूंना रांगेनें उभें करून त्यांच्या काखा व जांघा चांचपण्यांत येऊं लागल्या. त्यांतून स्त्रियाहि सुटल्या नाहींत. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरांत शिरल्या, देवघरापर्यंत गेल्या. ह्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, आणि चाफेकर बंधूंनीं त्याची किंमत कशी दिली, हें महाराष्ट्रांतील घराघरास ठाऊक आहे. त्याच पुण्यांत, त्याच वर्षीं १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगनें वारल्या. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांना तो रोग जडला होता. रोग्याजवळ जाण्याच्या ह्या दोन तऱ्हा एकाच शहरानें एकाच वर्षीं पाहिल्या.

मला येथें एकच गोष्ट विचारावयाची आहे. माणसावर बसविलेल्या ह्या पहाऱ्यानें रोगाची कांहीं माहिती तरी मिळाली काय? उत्तर असें आहे कीं, जी मिळत होती तीहि मिळेनाशी झाली. प्लेग झाला असें कळलें तर बिऱ्हाड छावणींत जाणार, चीजवस्त जळणार, म्हणून लोक रोगी माळ्यावर दडवूं लागले. मृत्यूच्या नोंदींत प्लेगऐवजीं साध्या तापाचें नांव घातलें जाऊं लागलें. पहारा जितका कडक, तितकी नोंद खोटी. अधिकारी दारावर उभा होता, पण घरांत काय चाललें आहे हें त्यालाच ठाऊक नव्हतें. पुढें सरकारनें आपला हात कांहींसा सैल केला, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मंडळींना आपापलीं प्लेगचीं रुग्णालयें काढूं दिलीं, तेव्हां कोठें लोक आपण होऊन रोगी आणूं लागले.

रोगी लपवितां येतो. मृत्यूचें कारण लपवितां येतें. परंतु एकूण मृत्यूंचा आंकडा सहसा लपत नाहीं. मागील वर्षांत ह्याच आठवड्यांत सरासरीनें किती माणसें वारत असत, आणि ह्या वर्षीं किती वारलीं, ह्यांची वजाबाकी केली कीं दडविलेला प्लेग कागदावर उघडा पडतो. मुंबईच्या प्लेगचा खरा अंदाज ह्या वजाबाकीनेंच लागला. २०२० सालीं सुरू झालेल्या करोनाच्या सांथींतहि देशोदेशींच्या अभ्यासकांनीं हीच वजाबाकी पुन्हां मांडली.

ही युक्ति मात्र मुंबईची नव्हे. तिच्यासाठीं आपणांस लंडनला जावें लागेल. तेथील जन्ममृत्यूच्या नोंदणी-कचेरींत १८३९ च्या सुमारास विल्यम फार नांवाचा एक डॉक्टर कामास लागला. मृत्यूची नोंद ही केवळ वारसाहक्काच्या भांडणासाठीं नसून ती रोगाचें चरित्र आहे, हें त्यानें प्रथम ओळखलें. त्याचाच समकालीन डॉ. जॉन स्नो. आमच्या म्युनिसिपल कमिशनरांशीं त्याचें नामसाम्य योगायोगाचें आहे. कामांत मात्र उत्तर-दक्षिण ध्रुवांचें अंतर होतें. पटकी दूषित हवेनें होते असें त्या काळीं बहुतेक विद्वान् मानीत. ती पाण्यावाटे होते, असें स्नोला वाटे. १८५४ च्या सांथींत ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं मृत्यूंचा गराडा पडलेला त्यानें दाखविला आणि पंपाचा दांडा काढावयास लावला, ही कथा प्रसिद्धच आहे.

परंतु त्याचें खरें मोठें काम दुसरेंच होतें. दक्षिण लंडनमध्यें दोन कंपन्या पाणी पुरवीत. एकाच गल्लींत, शेजारीं शेजारीं, ह्या घरास एकीचें पाणी तर त्या घरास दुसरीचें. हवा एक, वस्ती एक, राहणी एक; भेद तो पाण्याचा. एक कंपनी शहराची घाण मिसळलेलें थेम्सचें पाणी उचले. दुसरीनें १८५२ सालीं आपला नळ वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्यांत नेला होता. स्नो दारोदार हिंडला. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागें ३१५ मृत्यु, आणि दुसरीच्या दर १०,००० घरांमागें ३७, असा त्याचा हिशेब निघाला. पटकीचा जंतु तेव्हां ह्या शास्त्रज्ञांच्या गणतींत नव्हता. स्नोपाशीं सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता. होते ते दोन पाय आणि त्रैराशिक. आणि ध्यानांत घ्या, लोकांनीं त्याला दारांतून हांकलून दिलें नाहीं. कारण तो कोणास उचलून नेण्यास आला नव्हता, पाणी कोणतें पितां एवढेंच विचारण्यास आला होता.

विद्या जन्मली; तिची शाळा मात्र नव्हती. १८७१ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजानें डॉक्टरांसाठीं सार्वजनिक आरोग्याची पदविका काढली. १८७५ सालीं केंब्रिजनें तिचें अनुकरण केलें. १८८८ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, १८९२ पासून इंग्लंडांतील ५०,००० वर वस्तीच्या विभागांचा नवा आरोग्याधिकारी अशी पदविका घेतलेलाच असला पाहिजे. नुसता डॉक्टर असून भागत नाहीं, समाजाची नाडी पाहण्याचें शिक्षण निराळें घ्यावें लागतें, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत आली ती ह्या वेळीं. तरीहि ह्या अभ्यासक्रमांत भर असे तो गटारें, पाण्याची परीक्षा, खाटीकखान्यांची तपासणी आणि कायदा ह्यांवर. सांथीचा माग कसा काढावा, हें शिकविणारें पीठ अजून व्हावयाचें होतें. मुंबईस १८९६ सालीं जें झालें तें ह्या उणिवेचेंच फळ. अधिकाऱ्यांनीं गटारें धुतलीं, कारण तेंच त्यांना शिकविलें होतें.

आतां पुन्हां आपल्याकडे वळूं. प्लेगच्या त्याच दिवसांत पॉल लुई सीमों नांवाचा एक फ्रेंच डॉक्टर मुंबईंत काम करीत होता. माणसांत प्लेग येण्यापूर्वीं उंदीर मरतात, आणि कांहीं रोग्यांच्या अंगावर बारीकसा फोड दिसतो, ह्या दोन गोष्टी त्यानें टिपून ठेवल्या. तो फोड पिसवेच्या दंशाचा असावा, असा त्याचा तर्क. १८९८ च्या जूनमध्यें कराचीस त्यानें एका बरणींत प्लेगनें मरावयास टेकलेला उंदीर पिसवांसह ठेवला, आणि त्याला स्पर्श होणार नाहीं अशा बेतानें जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर. कांहीं दिवसांनीं तो निरोगी उंदीरहि प्लेगनें मेला. सीमोंनें हें प्रसिद्ध केलें. पण त्या वेळच्या सरकारी प्लेग-कमिशनास तें पटलें नाहीं. माणसांची झडती घेणाऱ्यांना उंदरांची झडती घेण्याची कल्पनाच हास्यास्पद वाटली असली पाहिजे.

सहा-सात वर्षें गेलीं. १८९९ च्या ऑगस्टमध्यें परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसांत हाफकिन यांची प्लेग-प्रयोगशाळा थाटली गेली होती. हीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेथील डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं सीमोंचा धागा पुन्हां हातीं घेतला. ज्या घरांत प्लेग झाला त्या घरांत त्यांनीं गिनीपिग सोडले. उंदीर मेले कीं पिसवा उपाशी पडतात आणि मिळेल त्या उबदार अंगावर उडी घेतात. गिनीपिगाच्या केंसांत त्या सांपडूं लागल्या. १९०५ सालीं नवें संशोधन-मंडळ नेमलें गेलें, आणि त्यानें परळला मुद्दाम लहान लहान कोठडीवजा घरें बांधून प्रयोग मांडले. कांहीं गिनीपिग जमिनीवर मोकळे, कांहीं जमिनीपासून दोन इंचांवर पिंजऱ्यांत, कांहीं दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांत. खालचे मेले, दोन फुटांवरचे जगले. प्लेग जर हवेंतून येत असता तर दोन फुटांनीं त्याचें काय अडलें असतें? पिसवेची उडी मात्र तेथवर पोंचत नाहीं.

ह्याहून महत्त्वाचें काम शहरांत चाललें होतें. मुंबईच्या गल्लीबोळांतून रोज मेलेले व पकडलेले उंदीर गोळा होत, प्रत्येकास चिठ्ठी लागे, तो कोणत्या घरीं व कोणत्या दिवशीं सांपडला हें लिहिलें जाई, आणि मग प्रयोगशाळेंत त्याची तपासणी होई. वर्षभर हें काम झाल्यावर आंकडे मांडले, तेव्हां एक विलक्षण सुसंगति दिसून आली. प्रथम गटारांतील मोठा घुशीसारखा उंदीर मरतो. त्यानंतर सुमारें दहा दिवसांनीं घरांतला काळा उंदीर. आणि त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनीं माणूस. म्हणजे रोग घरीं येण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे निरोप धाडीत होता. मांडवीच्या वखारींत १८९६ सालीं हाच निरोप येऊन पडला होता. तो वाचणारा कोणी नव्हता, एवढेंच. लाखों माणसांच्या काखा चांचपून जें कळलें नाहीं तें उंदराच्या शेंपटीला चिठ्ठी बांधून कळलें. पुढील काळांत ह्या देशांत एकंदर १ कोटीहून अधिक माणसें प्लेगला बळी पडलीं. म्हणून ह्या ज्ञानाला उशीर झाला हें दुःख लहान नाहीं. परंतु माणसावरचा पहारा उठवून रोगावर पहारा बसविण्याचा हा धडा जगाला ज्या थोड्या ठिकाणीं मिळाला, त्यांत परळचें नांव अग्रभागीं आहे.

ह्या विद्येच्या अभावीं न्यायाचाहि कसा खून होतो, ह्याचें उदाहरण खुद्द हाफकिन यांच्याच आयुष्यांत घडलें. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांना त्यांची प्लेगची लस टोंचण्यांत आली, आणि त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें वारले. ते एकूणएक एकाच बाटलींतून टोंचलेले होते. त्या दिवशीं उघडलेल्या इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांना कांहीं झालें नाहीं. दोष परळच्या प्रयोगशाळेचा कीं गांवांत बाटली उघडणाऱ्या हाताचा, हा प्रश्न होता. सरकारनें तो हाफकिन यांच्यावर ढकलला. पुरावा नीट जुळवून त्यांना निर्दोष ठरविण्यास १९०७ साल उजाडलें. कोणास कोणत्या बाटलींतली लस मिळाली, ती बाटली केव्हां भरली, केव्हां उघडली, किती तासांनीं लक्षणें दिसलीं, हे प्रश्न क्रमवार विचारण्याची शिस्त तेव्हां अंगवळणीं पडली असती, तर एका थोर संशोधकाचीं उमेदीचीं वर्षें अशीं वायां गेलीं नसतीं.

ही शिस्त शिकविणारी शाळा १९१६ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, रॉकफेलर निधीच्या साह्यानें स्थापन झाली. तेथें वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे सांथरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. व्याख्यानांपेक्षां त्यांचा भर उदाहरणांवर. घडून गेलेल्या एखाद्या सांथीचे कागद ते विद्यार्थ्यांपुढें टाकीत आणि विचारीत, 'आतां सांगा, रोग कोठून आला?' ऐंशी वर्षें विस्मृतींत पडलेला स्नोचा पटकीवरील ग्रंथ १९३६ सालीं पुन्हां छापला गेला, त्याची प्रस्तावना फ्रॉस्ट यांचीच. लंडनच्या आरोग्य व उष्णदेशीय वैद्यकाच्या शाळेस १९२४ सालीं सनद मिळाली. तेथें मेजर ग्रीनवुड ह्या विषयाचे पहिले प्राध्यापक. 'मेजर' हें त्यांचें नांवच होतें, हुद्दा नव्हे. आपल्या देशांत ३० डिसेंबर १९३२ रोजीं कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य-संस्था उघडली गेली, तीहि रॉकफेलर निधीच्या देणगींतून.

तरीहि शाळेंत शिकलेली सांथ आणि गांवांत भेटलेली सांथ ह्यांत फरक असतोच. पोहणें जसें कोरड्या जमिनीवर शिकतां येत नाहीं, तसें हें शास्त्रहि नुसत्या वर्गांत शिकतां येत नाहीं. हें ओळखून १९५१ सालीं अमेरिकेंत अलेक्झांडर लँगम्यूर यांनीं एक नवी प्रथा पाडली. तरुण डॉक्टरांना कांहीं आठवडे शिकवावयाचें, आणि मग दोन वर्षें जेथें सांथ असेल तेथें धाडावयाचें. ह्या पथकाच्या बोधचिन्हावर तळव्याला भोंक पडलेला बूट आहे. १९५५ च्या एप्रिलमध्यें बालपक्षाघाताची लस निघाली आणि थोड्याच दिवसांत लस घेतलेल्या कांहीं मुलांनाच तो रोग झाला. देशभर घबराट झाली. पथकानें प्रत्येक मुलाची चौकशी केली: कोणत्या दिवशीं टोंचलें, कोणत्या हाताला, कोणत्या कारखान्याची लस. दोष मुख्यतः एकाच कारखान्याच्या लशींत आहे, हें त्वरित उघडकीस आलें. तेवढीच लस मागें घेतली गेली आणि मोहीम वांचली. मुलकोवालच्या बाटलीचा उलगडा होण्यास जेथें पांच वर्षें लागलीं, तेथें हें काम थोड्या दिवसांत झालें. मधल्या काळांत शिक्षण झालें होतें.

ह्या लँगम्यूर यांनींच १९६३ सालीं एका शब्दाचा अर्थ बदलून टाकला. पाळत हा शब्द तोंपर्यंत रोग्याच्या संपर्कांत आलेल्या माणसावर नजर ठेवणें ह्या अर्थीं वापरीत. त्यांनीं सांगितलें कीं, पाळत माणसावर नव्हे, रोगावर ठेवावयाची. माहिती सतत गोळा करावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, आणि ज्यांना ती कळली पाहिजे त्यांना ती वेळेवर कळवावयाची. परळला जें कृतींत आलें होतें तें आतां व्याख्येंत आलें.

ह्या व्याख्येची खरी कसोटी लागली ती देवीच्या रोगावर. १९६६ च्या डिसेंबरांत नायजेरियाच्या पूर्व भागांत विल्यम फेगी नांवाच्या अमेरिकन डॉक्टरापाशीं सर्वांना पुरेल इतकी लस नव्हती. मिशनरी लोक रोज संध्याकाळीं आकाशवाणी-यंत्रावरून एकमेकांशीं बोलत; त्यांच्यामार्फत त्यानें गांवोगांवची खबर घेतली, आणि जेथें रोगी आहे तेथेंच, त्याच्या भोंवतालच्या माणसांनाच लस टोंचली. सांथ थांबली. हाच उपाय आपल्याकडे आला. १९७३ च्या शरद ऋतूंत उत्तरप्रदेश व बिहार येथें घरोघर शोध घेतला, तेव्हां जेथें कागदोपत्रीं कांहीं शें रोगी दिसत तेथें सुमारें १०,००० निघाले. शोधणारे कार्यकर्ते रोग्याचें चित्र घेऊन बाजारांत, शाळेंत, पाणवठ्यावर हिंडत. खबर देणाऱ्यास बक्षीस ठेवलें. तें वाढत वाढत १,००० रुपयांपर्यंत गेलें. जसजसे रोगी कमी तसतसें बक्षीस अधिक. १९७५ च्या मे महिन्यांत भारतांतील शेवटचा रोगी नोंदला गेला. ८ मे १९८० रोजीं सारें जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. ह्या यशांत सर्व कांहीं सोज्वळ होतें असें नव्हे. घाईच्या दिवसांत कांहीं ठिकाणीं बळजबरीनें दंड धरून टोंचण्याचे प्रकार घडले. ज्या रोग्यांच्या घरावर रात्रंदिवस राखणदार बसले त्यांना रँडसाहेबांचें नांव ठाऊक नसेल. अनुभव मात्र ओळखीचा होता. विद्या वाढली तरी मोह संपत नाहीं, हें विसरतां कामा नये.

पुण्याचाहि ह्या कथेंत वांटा आहे. १९५२ सालीं तेथें विषाणु-संशोधन केंद्र निघालें. पुढें तेंच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झालें. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें मरूं लागलीं आणि पाठोपाठ माणसें तापानें पडूं लागलीं, तेव्हां पुण्याचें पथक तेथें गेलें आणि गोचिडींवाटे पसरणारा एक नवाच विषाणु त्यानें शोधून काढला. मुंबईच्या उंदरांनीं जो निरोप दिला होता तोच येथें माकडांनीं दिला. फरक इतकाच कीं ह्या वेळीं तो वाचणारे तयार होते.

परंतु वाचणारे सर्वत्र नव्हते. १९९३ च्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षीं ऑगस्टमध्यें बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं गांठी आलेले रोगी दिसले, आणि सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगचा बोभाटा झाला. लाखों लोक चार दिवसांत सुरत सोडून गेले. विमानें थांबलीं, व्यापार बुडाला. देशांतील मृत्यूंचा अधिकृत आंकडा साठाहूनहि कमी होता. १८९६ नंतर ९८ वर्षांनीं, अनेक औषधें हातीं असतां, पुन्हां तीच पळापळ; कारण रोग किती आहे आणि कोठें आहे हें विश्वासानें सांगणारा आवाज वेळेवर उठला नाहीं. ह्या फटक्यानंतर पाऊलें पडलीं. २००१ सालीं चेन्नईच्या राष्ट्रीय सांथरोगशास्त्र संस्थेनें दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, ज्यांत विद्यार्थ्याचा बराच काळ वर्गाबाहेर, प्रत्यक्ष जिल्ह्यांत जातो. २००४ सालीं सर्व देशासाठीं रोगसर्वेक्षणाची एकत्रित योजना आली. २०१२ सालीं दिल्लीस अमेरिकन पद्धतीचें दोन वर्षांचें शिक्षण सुरू झालें.

ह्या दोन वर्षांत शिकवितात तरी काय, असें आपण विचाराल. थोडक्यांत सांगावयाचें तर तीन प्रश्न: कोण, कोठें आणि केव्हां. एखाद्या गांवीं लग्नाच्या जेवणानंतर शंभर माणसांना जुलाब झाले, तर विद्यार्थ्यानें आजारी पडलेल्यांना विचारावयाचें, 'काय खाल्लेंत?' आणि, हीच खरी मेख आहे, आजारी न पडलेल्यांनाहि तेंच विचारावयाचें. श्रीखंड दोघांनींहि खाल्लें असेल आणि विहिरीचें पाणी एकांनींच प्यालें असेल, तर श्रीखंडाचा बिचाऱ्याचा दोष नाहीं. दिसावयास हें सोपें. पण गांवानें आधींच एखाद्या जातीला, पाहुण्याला किंवा भटक्याला अपराधी ठरविलेलें असतें, आणि विद्यार्थ्याला त्या गर्दींत उभें राहून शांतपणें मोजावें लागतें. मग जें निघेल तें, तें कोणास आवडो वा न आवडो, लिहून द्यावें लागतें. डॉ. व्हिएगस यांनीं तेंच केलें होतें.

२०२० च्या मार्चमध्यें करोनाची सांथ आली, तेव्हां आपल्या राज्यानें जो कायदा प्रथम हातीं घेतला तो १८९७ चाच, तीच चार कलमें. म्हणजे सव्वाशें वर्षांत आपल्यापाशीं दोन्ही पहारे जमा झाले आहेत: एक कायद्याच्या कपाटांत, एक विद्यापीठाच्या वर्गांत. कोणता केव्हां आणि किती वापरावा हा प्रश्न प्रत्येक सांथीबरोबर नव्यानें येणार. कांहीं वेळां रोग्याला वेगळें ठेवणें भागच असतें, हें कोणी नाकारणार नाहीं. पण पहिल्या पहाऱ्याची मर्यादा मुंबईनें आपल्या हाडांवर लिहून ठेवली आहे. घरांतला माणूस ज्याला भितो त्याला तो खरें सांगत नाहीं. आणि ज्याला खरें कळत नाहीं त्याला सांथ आवरतां येत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, ह्या विद्येचा अर्धा भाग डॉक्टर शिकतात. उरलेला अर्धा आपल्या हातांत आहे. उद्यां एखादा तरुण डॉक्टर वही घेऊन आपल्या दारीं येईल आणि घरांत कोणी आजारी आहे काय, मागच्या आठवड्यांत कोठें जाणें झालें काय, असें विचारील. त्यानें आदरानें विचारावें, आणि आपण निर्भयपणें खरें सांगावें. मांडवीच्या वखारींतला निरोप दुसऱ्यांदा न वाचतां पडून राहूं नये, ह्यासाठीं एवढें पुरेसें आहे.